पुण्याच्या फायली: पेठांतल्या वाचनालयांत वर्तमानपत्रे आणि चित्रे कशी उरली

पुण्यात जुन्या वर्तमानपत्राचा अंक शोधणारा माणूस आधी विचारतो, तो मिळेल कुठे? खरे तर त्याने विचारायला हवे की तो अंक बांधला गेला होता का. बांधला असेल तर कोणत्या ना कोणत्या कपाटात तो सापडण्याची आशा असते. सुटा राहिला असेल तर वर्षा-दोन वर्षांत तो रद्दीत गेला असे धरून चालावे. शहराच्या मध्यवस्तीतल्या वाचनालयांत वृत्तपत्रांचा आणि चित्रांचा जो साठा आज दिसतो, तो फारसा कुणी ठरवून केलेला नाही. बाइंडिंगला पैसे होते त्या वर्षांचे अंक राहिले, नव्हते त्या वर्षांचे गेले.

पुणे नगर वाचन मंदिराची सुरुवात १८४८ सालची. तेव्हाचे नाव ‘पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी’. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुखांचा तिच्या उभारणीत हात होता आणि जागा होती पेशव्यांचा बुधवार वाडा. लगेच पुढल्या वर्षी, १२ फेब्रुवारी १८४९ रोजी, पुण्यात ‘ज्ञानप्रकाश’ निघाले. म्हणजे वाचनालय आणि शहराचे वर्तमानपत्र जवळजवळ एकाच वयाचे. तरीही वर्तमानपत्राला वाचनालयात ग्रंथाचा मान मिळाला नाही. ग्रंथ आला की दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक मिळे. वर्तमानपत्र थेट टेबलावर जाई, वर्गणीदार वाचत, आणि नवा अंक आला की जुना खालच्या फळीवर. क्रमांक नाही म्हणजे तो हरवल्याची नोंदही नाही. म्हणूनच एखाद्या वाचनालयात कोणती पत्रे येत होती, हे शोधताना ग्रंथांची यादी उपयोगी पडत नाही. वर्गणीच्या जमाखर्चाच्या वह्या आणि वार्षिक अहवाल पाहावे लागतात. रद्दीविक्रीची रक्कम बहुधा जमेच्या बाजूला असतेच, आणि ती वाचताना जरा वाईटच वाटते.

बुधवार वाडा मे १८७९ मध्ये आगीत गेला. त्यानंतरचा काळ पुण्याच्या वृत्तपत्रांचा भराचा काळ: १८८१ च्या जानेवारीत ‘मराठा’ आणि ‘केसरी’, १८८८ मध्ये ‘सुधारक’, १८९८ मध्ये ‘काळ’, आणि पुढे १ जानेवारी १९३२ पासून ‘सकाळ’. याच काळात संग्रह करणाऱ्या संस्थाही वाढल्या. भारत सेवक समाजाचे ग्रंथालय १९०५ चे, भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चे, पुणे मराठी ग्रंथालय १९११ चे. पण प्रत्येकाचा हेतू वेगळा. मंडळाला दप्तरे आणि बखरी हव्या होत्या. पेठेतल्या वाचनालयाला वाचक हवे होते आणि वाचकाला आजचा अंक. सगळ्यांत भरवशाची फाईल बहुतेक वेळा वर्तमानपत्राच्या स्वतःच्या कचेरीतली असते, कारण तिथे अंक टेबलावर न फिरता छापखान्यातून सरळ बाइंडरकडे जातात. ‘केसरी’साठी त्याची कचेरी असलेल्या गायकवाड वाड्याकडे वळावे लागते ते यामुळेच.

कायद्याने पुण्याला काही दिले नाही. १८६७ च्या मुद्रण आणि नोंदणी कायद्याने पुस्तकांच्या प्रती सरकारजमा होऊ लागल्या. स्वातंत्र्यानंतर १९५४ च्या कायद्याने पुस्तके आणि १९५६ च्या दुरुस्तीने वृत्तपत्रेही ठराविक ग्रंथालयांना पाठवणे बंधनकारक झाले, पण त्या यादीत कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली, पुणे नाही. महाराष्ट्राच्या १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदानाचा दर्जा ठरताना ग्रंथालय किती दैनिके आणि नियतकालिके घेते हे पाहिले जाते. ती पुढे जपली का, याला तिथे महत्त्व नाही. मग जपण्याचा खर्च कोण करणार?

इंग्रज सरकार देशी पत्रांवर डोळा ठेवून होते, त्याचा एक आडवाटेचा फायदा झाला. मुंबई सरकार दर आठवड्याला देशी वर्तमानपत्रांतल्या मजकुराचे इंग्रजी गोषवारे काढत असे. मूळ अंक नाहीसा झाला असेल तर हे अहवाल आधाराला येतात. मात्र सरकारला ज्याची धास्ती तेवढेच त्यांत आहे. बाजारभाव, नाटकांच्या जाहिराती, वधूवरांचे मजकूर यांतले काही मिळणार नाही.

आता बाइंडिंग. साप्ताहिक असेल तर सहामाहीचे २६ अंक एका जाड पुस्तकात बसतात. ‘ज्ञानप्रकाश’ १९०४ मध्ये दैनिक झाले, तेव्हा तेच काम वर्षाला तीनशेच्या वर अंकांचे झाले आणि फाईल महिन्याची किंवा दोन महिन्यांची करावी लागली. बिल त्या प्रमाणात चढले. बाइंडर अंक तारखेने लावतो, घडीत धागा घालून जुजबंदी करतो, पाठीला खळ लावतो, पुठ्ठा आणि कापड चढवतो. खळीत मोरचूद (कीड मारणारे तांब्याचे निळे क्षार) टाकायची रीत आहे. ती नसली की कसर आधी पाठीवरची खळ खाते आणि मग कागदाकडे वळते.

घाईचे काम मात्र वेगळे होते. घडीत शिवण्याऐवजी पाठीपासून अर्ध्या इंचावर आरपार भोके पाडून टाके मारले जात. पुस्तक मजबूत दिसे, पण आतल्या बाजूचा रकाना शिलाईत दडपला जाई. त्यातच कडा एकसारख्या करायला कटर चालवला की वरची तारीख किंवा पानाचा क्रमांक उडालाच. शंभर वर्षांनी असे पुस्तक उघडले की कागद टाक्यांच्या रेषेवरच तुटतो, आणि अख्खे पान हातात येते. हरवलेल्या अंकाच्या जागी कोरे पान घालण्याची शिस्त ज्या बाइंडरने पाळली, त्याचे आभार मानावेत. बहुतेकांनी ती पाळली नाही, त्यामुळे खाडा पानापानाने तारखा पडताळल्यावरच कळतो.

कागदाचे गणित अनेकांना उलटे वाटते. १८६० च्या आसपासचा अंक चांगला असतो आणि १९३० चा हात लावताच तुटतो. जुना कागद चिंध्यांच्या लगद्याचा, लांब तंतूंचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लाकूड दळून केलेला स्वस्त न्यूजप्रिंट आला. त्यात लिग्निन (लाकडाचे तंतू धरून ठेवणारा घटक) राहते, उजेडाने ते पिवळे पडते. शाई फुटू नये म्हणून दिलेले तुरटी आणि राळेचे सायझिंग आम्ल सोडते आणि तंतू तुटत जातात. पानाचा कोपरा दोनदा मागे-पुढे दुमडून पाहिला आणि तो पापडासारखा तुटला, तर ते पान आता वाचकाच्या हाती देण्याजोगे नाही. (ही परीक्षा कोऱ्या कोपऱ्यावरच करावी.) दुसऱ्या महायुद्धात न्यूजप्रिंटची टंचाई झाली, पाने घटली, मिळेल तो कागद वापरला गेला. त्या वर्षांच्या फायली आज सर्वांत वाईट अवस्थेत असतात. देशी न्यूजप्रिंट नेपानगरहून १९५५ पासून येऊ लागला, पण टिकाऊपणा हा त्याचाही गुण नव्हे.

आणखी एक नुकसान लोकप्रियतेचे. ‘केसरी’चे १५ जून १८९७, १२ मे १९०८ आणि ९ जून १९०८ हे अंक टिळकांवरच्या खटल्यांमुळे सगळ्यांनाच हवे असतात. साहजिकच फाईल नेमकी तिथेच उघडते, तिथेच झिजते, आणि पान पुष्कळदा सेलोटेपने जोडलेले असते. सेलोटेपचा चिकट थर काही वर्षांत तपकिरी होऊन अक्षरांत उतरतो. मग तो काढायला जाणकार हात लागतात, आणि डाग तरीही उरतो.

चित्रांची गोष्ट याहून विचित्र आहे. पुण्यात १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि सहकाऱ्यांनी चित्रशाळा काढली. तिथल्या रंगीत शिळाछापांतून देवदेवता आणि मराठेशाहीतली माणसे घराघराच्या भिंतीवर गेली. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि दगडागणिक कागद नेमका त्याच जागी बसायला हवा. केसभर सरकला तर ओठाचा रंग गालावर. अशी चित्रे सुटी विकली जात, म्हणून वाचनालयात ती आलीच नाहीत. त्या काळच्या वाचनालयाच्या लेखी तो भिंतीवरचा माल होता. उरली ती लोकांच्या चौकटीत: पाठीमागे साध्या लाकडाची फळी, पुढे कागदाला टेकलेली काच. फळीतल्या आम्लामुळे चित्रावर तिच्या शिरांचे तपकिरी पट्टे उमटतात, आणि पावसाळ्यात ओल धरली की रंग काचेला चिकटतो. अशी चौकट कुणी वाचनालयाला भेट दिली तर काच ओढून काढू नये. चित्र काचेसकट, काच खाली ठेवून, आडवे ठेवावे आणि संवर्धकाला दाखवावे.

वाचनालयात जी चित्रे पोहोचली, ती मासिकांच्या पोटातून. चित्रशाळेचेच ‘चित्रमय जगत्’ १९१० मध्ये सुरू झाले. हाफटोन ठसे (बारीक ठिपक्यांतून छटा उमटवणारे) आले होते, त्यामुळे गुळगुळीत आर्ट पेपरवर तिरंगी चित्र वेगळे छापून अंकात डिंकाने एका कडेला चिकटवत. बाइंडिंगच्या वेळी दोन अपघात होत. एक, पातळ डिंकाची कड सुटून चित्र गळे. दुसरा, मुद्दाम केलेला: जाडी कमी व्हावी म्हणून मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून फक्त मजकूर बांधत. त्यामुळे मजकुराची अखंड फाईल आहे पण एकही मुखपृष्ठ नाही, असा प्रकार सर्रास आढळतो. दिवाळी अंकांचे तर आणखी कठीण. ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला, पुढे ती रीत महाराष्ट्रभर पसरली. दीनानाथ दलालांचे ‘दीपावली’ १९४५ चे. पण असे अंक घरपोच फिरत्या पाळीत इतके वाचले जात की फाल्गुनापर्यंत मुखपृष्ठ हमखास गेलेले. चित्रकलेच्या अभ्यासकाला जे मुखपृष्ठ हवे असते, नेमके तेच नसते. ब्लेडने कापून नेलेली पाने हा वेगळाच विषय. कड सरळ कापलेली दिसली की फाटली नसून नेली आहे असे समजावे.

आर्ट पेपर पाण्यापुढे तर फारच कच्चा. त्यावर चिनी मातीचा लेप असतो. भिजून तसाच सुकला तर पाने एकमेकांना कायमची चिकटून वीट होते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटांचे काय झाले असेल, हे यावरून समजावे. हवा आधीच ओली, ऊन नाही. भिजलेल्या कागदावर ४८ तासांत बुरशी धरते, आणि एकेक पान उघडून सुकवायला तेवढ्यात माणसे पुरत नाहीत. ओला कागद गोठवून सवडीने सुकवायची पद्धत १९६६ च्या फ्लॉरेन्सच्या पुरानंतरच्या वर्षांत जगभर रुळली. पुण्याच्या वेळी ती हाताशी नव्हती. आजही शहरात कपाट भिजले तर क्रम हाच: पुस्तक उघडू नये, चिखल बंद पुस्तकावरूनच धुवावा, आर्ट पेपरचे अंक सर्वांत आधी प्लास्टिकमध्ये गुंडाळून थंड पेटीत, साधा कागद शोषक कागद घालून पंख्याखाली. कडक उन्हात टाकू नये. वरचा थर झटकन आक्रसतो आणि पान वाकडे होते.

दुरुस्तीच्या पद्धतीही काळाप्रमाणे बदलल्या. पूर्वी पानावर दोन्ही बाजूंनी शिफॉन चिकटवत. पान टिके, पण अक्षर धूसर होई आणि खळीमुळे कीड येई. मग ॲसिटेटच्या पारदर्शक पडद्याचे लॅमिनेशन आले. आत आम्ल तसेच ठेवून वरून थर दिलेला कागद आतल्या आत पिवळा पडतो, हे नंतर लक्षात आले. सध्या आधी आम्ल कमी करतात, मग जपानी टिश्यू गव्हाच्या स्टार्चने लावतात. एक पान नीट करायला वेळ लागतो, त्यामुळे अख्खी फाईल दुरुस्त होणे क्वचितच.

म्हणून स्कॅनिंग. ब्रॉडशीटचे पान साधारण १५ बाय २२ इंच धरले तर ४०० डीपीआयला (इंचाला ४०० ठिपके) करड्या छटांत सुमारे ५३ एमबी होते, रंगीत त्याच्या तिप्पट. रोज आठ पानांच्या दैनिकाचे वर्ष म्हणजे जवळजवळ १५० जीबी, आणि त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी हव्यात. बांधलेली फाईल सपाट स्कॅनरवर उलटी दाबू नये, पाठ मोडते. वरून फोटो घेणारा स्कॅनर आणि व्ही-आकाराचा पाळणा वापरावा. मजकूर ओळखणारे सॉफ्टवेअर जुन्या खिळ्यांपुढे अडखळते: झिजलेली वेलांटी, तुटलेली शिरोरेघ, पान वाकल्याने तिरपी ओळ. ‘ध’ आणि ‘घ’ची गफलत झाली की नावाने शोधलेला माणूस सापडत नाही. अशा वेळी शब्द दोन-तीन चुकीच्या रूपांत टाकून पाहावा.

मागणी करताना तारखेबरोबर वर्ष आणि अंक क्रमांकही द्यावा. कित्येक पत्रांवर शक आणि इसवी सन दोन्ही असतात, आणि वाचनालयाने फाईल इसवी सनाने बांधली, पण पत्राचे वर्ष मधल्याच महिन्यात बदलत होते, असे पुष्कळदा घडते. मग ‘वर्ष ४’ दोन पुस्तकांत विभागलेले असते आणि कर्मचारी प्रामाणिकपणे एकच आणून देतात. दुसरे मागून घ्यावे लागते.