ध्वनिक्षेपक, अंगावरचा

अंगावर वागवता येईल अशा पिशवीत, पट्ट्यात, जाकिटात किंवा हेल्मेटात बसवलेली, बॅटरीवर चालणारी ध्वनियोजना. स्पीकर, ॲम्प्लिफायर, बॅटरी आणि आवाजाचा उगम (माइक, मोबाइल किंवा मेमरी कार्ड) ही चारही अंगे वापरणाऱ्याच्या शरीरावर असली पाहिजेत आणि माइक धरणे सोडले तर हात मोकळे राहिले पाहिजेत, अशी व्याख्या येथे धरली आहे. हातात धरायचा भोंगा, खांद्यावर तोललेला टेपरेकॉर्डर आणि चाकांवर ओढायचा ट्रॉली स्पीकर त्यामुळे या नोंदीबाहेर राहतात. व्याख्या कडक वाटेल. पण ती सैल केली, तर खिशातल्या मोबाइललाही आत घ्यावे लागते. पुढील निरीक्षणे मुख्यतः ठाणे शहर व नवी मुंबईतील आहेत.

नाव : सरकारी मराठीत ध्वनिक्षेपक, दुकानात स्पीकर, मंडपवाल्याकडे कर्णा किंवा भोंगा. अंगावरच्या प्रकाराला स्वतंत्र नाव रुळलेले नाही. ‘गळ्यातला स्पीकर’, ‘पट्ट्याचा माइक’, ‘बॅगेतला साउंड’ अशा वर्णनांवरच काम भागते. यांपैकी कर्णा या शब्दाविषयी दोन मते आहेत. संस्कृत कर्ण म्हणजे कान, यावरून तो आला हे मत सहज सुचणारे आहे. फारसीतील कर्ना या लांब रणवाद्याशी त्याचा संबंध जोडणारे मत मात्र अधिक पटते. नौबतीबरोबर वाजणारे कर्णे विजेच्या ध्वनिक्षेपकाच्या कितीतरी आधीचे आहेत, आणि तोंडाशी अरुंद, पुढे फाकत जाणारा आकार दोहोंत सारखाच आहे. भोंगा हा शब्द मुंबई-ठाण्याच्या गिरण्या-कारखान्यांत पाळीची वेळ सांगणाऱ्या शिट्टीसाठी होता, तो कर्ण्याला पुढे चिकटलेला दिसतो. अंगावरच्या स्पीकरला भोंगा म्हटले की त्याचा मालक बहुधा नाराज होतो, कारण त्याची सगळी खटपट कर्कशपणा टाळण्यासाठीच चाललेली असते.

उगम : या साधनाचा उगम कोठून मानायचा, याविषयी निदान तीन मते मांडता येतात.

पहिले मत भोंग्याकडून येते. हलत्या गुंडाळीचा (मूव्हिंग कॉइल) ध्वनिक्षेपक एडविन प्रिडम व पीटर जेन्सन यांनी १९१५ च्या सुमारास कॅलिफोर्नियात वापरात आणला. आजच्या स्पीकरचा सांगाडा मात्र चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांच्या १९२५ मधील कामाशी अधिक जवळचा आहे. बॅटरीवरचा हातातला भोंगा आपण १९५४ मध्ये प्रथम केला, असा जपानच्या टोआ कंपनीचा दावा आहे. या भोंग्याला पट्टा लावून तो खांद्याला अडकवला, माइक वायरने वेगळा केला, आणि अंगावरचा स्पीकर झाला, अशी ही मांडणी. ती नेटकी आहे, पण तिच्यात एक अडचण आहे. भोंग्याचा शिंगासारखा आकार थोड्या वॅटांत दूरवर बोलणे पोहोचवण्यासाठी असतो आणि खालचे स्वर त्यात जवळजवळ मरतात. अंगावरच्या स्पीकरात शिंग क्वचितच दिसते. असतो तो कागदी किंवा प्लास्टिकचा शंकू आणि मागे बंद डबा. म्हणजे नाते कामाचे आहे, रचनेचे नाही.

दुसरे मत स्थानिक आहे आणि ते आगरी-कोळी वस्तीतील बेंजो पार्टी या फिरत्या वाद्यपथकाकडे बोट दाखवते. दिवाळे, सारसोळे, करावे, घणसोली या नवी मुंबईच्या मूळ गावांत हळद, वरात व पालखीत बेंजो आणि कीबोर्ड पट्ट्याने गळ्यात अडकवून चालता चालता वाजवतात. परंतु आवाज निघतो तो मागून ढकलल्या जाणाऱ्या हातगाडीवरच्या कर्ण्यांतून, आणि गाडीवर जनरेटर किंवा ट्रकची बॅटरी असते. वाद्य अंगावर, आवाज गाडीवर. अंगावर यंत्र वागवण्याची सवय आणि पट्ट्यांची बांधणी येथून आली असणे शक्य आहे. ध्वनियोजना आली असे म्हणता येत नाही.

तिसरे मत भागांच्या इतिहासावर उभे आहे आणि प्रस्तुत लेखक त्याच्याकडे झुकतो. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी सुमारे ८४ वॅट-तास ऊर्जा देते आणि तिचे वजन २ किलोच्या वर असते. तेवढीच ऊर्जा, थोडी कमी म्हणजे ७७ वॅट-तास, २,६०० मिलिअँपिअर-तासांच्या ८ लिथियम-आयन सेलांत मावते. सेल १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब, प्रत्येकी ४५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आठांचे मिळून ३६० ग्रॅम. लिथियम-आयन सेल सोनीने १९९१ मध्ये प्रथम बाजारात आणले. ॲम्प्लिफायरचेही तसेच. जुन्या एबी वर्गाच्या ॲम्प्लिफायरमध्ये निम्म्याच्या आसपास वीज उष्णतेत जाते आणि ॲल्युमिनियमचा जाड उष्णताशोषक लागतो. डी वर्गाचा, म्हणजे वीज झपाट्याने चालू-बंद करून काम करणारा, ॲम्प्लिफायर ९० टक्क्यांच्या आसपास कार्यक्षम असतो आणि आगपेटीएवढ्या सर्किटच्या पट्टीवर बसतो. त्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये १९६४ मध्येच सिंक्लेअर कंपनीने अशा तत्त्वावरचा संच विकायला काढला होता. पण भरवशाच्या व स्वस्त चिप १९९० च्या दशकाच्या अखेरीपासूनच मिळू लागल्या. या दोन्ही गोष्टी किरकोळ बाजारात एकत्र येईपर्यंत, दिवसभर अंगावर वागवता येईल असा आणि ऐकवेल असा स्पीकर शक्यच नव्हता. तेव्हा या साधनाचा काळ एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या मागे नेणे धाडसाचे ठरेल. शिक्षकांचे कमरेच्या पट्ट्याचे माइक साधारण याच काळातले, आणि गळ्याभोवती बसणारे तयार स्पीकर सोनी व बोस यांनी २०१७ मध्ये आणले ते याच धाग्याचे वरचे टोक.

रचना : पिशवीच्या कापडाला भोक पाडून स्पीकर थेट त्यात शिवणे, ही नवशिक्याची हमखास चूक. स्पीकरचा शंकू पुढे येतो तेव्हा मागे पोकळी होते. पुढचा दाब आणि मागची पोकळी कापडातून व कडेने एकमेकांना गाठतात आणि खालचे स्वर जागच्या जागी नाहीसे होतात. १०० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी ३.४ मीटर असते. त्याला इंचभर कापडाची आडकाठी काहीच नाही. म्हणून पिशवीच्या आत कडक, हवाबंद डबा लागतो आणि पिशवीने फक्त तो वागवायचा असतो. ४ इंची स्पीकरला साधारण ४ ते ५ लिटरचा बंद डबा पुरतो. ९ मिमी प्लायचा असा डबा किलोच्या आसपास भरतो, आणि तेथेच पाठीची तक्रार सुरू होते. ठाण्यात त्यावर वापरलेला एक तोडगा प्लंबरच्या दुकानातला आहे: ११० मिमी व्यासाचा पीव्हीसी पाइप. त्याच्या ४५ सेंमी तुकड्यात सुमारे पावणेचार लिटर हवा मावते, गोल भिंत थरथरत नाही, दोन्ही टोकांना झाकणे बसतात आणि एका झाकणात ३ इंची स्पीकर मावतो. सॅकमध्ये हा पाइप पाण्याच्या बाटलीसारखा उभा राहतो. किती लिटरला कोणता स्पीकर, हे हिशोब ए. एन. थील (१९६१) आणि रिचर्ड स्मॉल या ध्वनितंत्रज्ञांच्या सूत्रांनी काढतात. पिशवीतल्या स्पीकरलाही ती लागू पडतात, फक्त डब्याचे आकारमान मोजताना आत बसवलेल्या बॅटरीचे वजा करायला बहुतेक जण विसरतात.

चार सेल ओळीने जोडले की १४.८ व्होल्ट मिळतात, पूर्ण चार्ज केल्यावर १६.८. अशा दोन ओळी समांतर जोडल्या की वरचे ७७ वॅट-तास होतात. गाण्याची सरासरी गरज कमाल शक्तीच्या बरीच खाली असल्याने २० वॅटांचा संच मध्यम आवाजात १० तास सहज काढतो. सेलांना डाख लावून वायर जोडणे चूक. उष्णतेने सेल आतून बिघडतो. निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्डिंगने बसवतात, आणि सेलांचे रक्षण करणारे सर्किट व फ्यूज यांशिवाय संच अंगाला लावू नये. लिथियम-आयन सेल ४५ अंश सेल्सिअसच्या वर चार्ज करणे टाळतात; मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेली सॅक ही मर्यादा सहज ओलांडते. सॅक घेऊन विमानाने जायचे असेल तर बॅटरीवरची १०० वॅट-तासांची मर्यादाही ध्यानात ठेवावी लागते.

शरीर आणि आवाज : तयार ध्वनिक्षेपकांच्या लेखनात हा भाग जवळजवळ येत नाही. वापरणाऱ्याचे धड हाच येथे अर्धा पडदा असतो. १,००० हर्ट्झची तरंगलांबी ३४ सेंमी, म्हणजे माणसाच्या छातीच्या रुंदीच्या घरातली. त्याखालचे स्वर धडाला वळसा घालून मागे जातात, वरचे अडतात. आणि च, स, त, श ही व्यंजने ओळखू येतात ती वरच्याच स्वरांमुळे. छातीवर स्पीकर लावलेला गायक लोकलच्या डब्यातून पुढे सरकला की मागच्या प्रवाशांना चाल ऐकू येते, शब्द नाही.

दुसरी गोष्ट कानाची. स्पीकरपासून १ मीटरवर ८५ डेसिबेल आवाज असेल आणि स्पीकर कानापासून २५ सेंमीवर असेल, तर अंतर दोनदा निम्मे झाले म्हणून कानाशी सुमारे ९७ डेसिबेल होतात. ८५ डेसिबेलला ८ तास आणि पुढे दर ३ डेसिबेलला वेळ निम्मा, या व्यावसायिक आरोग्याच्या प्रचलित मापाने ९७ डेसिबेलची सुरक्षित मुदत अर्धा तास ठरते. लोकांना ऐकू जावे म्हणून आवाज वाढवणाऱ्याचेच कान सर्वांत आधी जातात. कमरेचा पट्टा या दृष्टीने गळ्यातल्या पट्ट्याहून बरा. माइकची कूंऽऽ शिट्टीही त्याने कमी होते, कारण माइक ओठांपासून दोन बोटांवर आणि स्पीकर हातभर खाली राहतो. ब्लूटूथ माइक मात्र येथे कुचकामाचा. आवाज सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून उशिरा येतो आणि गाणारा स्वतःच्याच मागे अडखळतो.

अंगावरच्या स्पीकरच्या वजनाबाबत प्रौढांसाठी वेगळा दंडक आढळत नाही. शाळकरी मुलांच्या दप्तरासाठी २०२० च्या केंद्रीय धोरणात शरीराच्या वजनाच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे. तीच मोठ्यांना लावून पाहावी, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

वापर : शिक्षक, फेरीवाले, प्रचारफेऱ्या, सहलीचे मार्गदर्शक हे वापर परिचित आहेत. चैत्रात एकवीरेला आणि रामनवमीच्या सुमारास कसारा घाटाने शिर्डीला पायी जाणाऱ्या पालख्यांत सॅकमधला स्पीकर ट्रॉलीची जागा घेताना दिसतो, कारण घाटात ट्रॉली ओढणे जिकिरीचे असते. ठाणे–वाशी मार्गावरील लोकलमध्ये दृष्टिहीन गायकांजवळ दिसणारा एक संच असा: काळ्या रेक्झीनची पिशवी, पुढून जाळी, पट्टा मानेवरून न नेता दोन्ही खांद्यांवरून नेऊन पाठीवर गाठलेला, माइकच्या वायरचे डाव्या मनगटाला दोन वेढे, आवाजाच्या बटणावर चिकटपट्टीची लहान गुंडाळी, म्हणजे बोटाला खूण सापडावी. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४४ नुसार गाडीत विनापरवाना विक्री व भीक मागणे यांना मनाई आहे, आणि गायकांची गणना कशात करायची हा वाद प्रत्येक तपासणीत नव्याने होतो.

कायदा : ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे ध्वनिक्षेपक लेखी परवानगीशिवाय वापरता येत नाही आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत बंदिस्त जागा वगळता बंदी आहे. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल, शांतता क्षेत्रात ५० व ४०. परवानगीची अट आकार पाहून बदलत नाही, त्यामुळे कमरेचा स्पीकरही शब्दशः तिच्यात येतो. प्रत्यक्षात तो कोणाच्या लक्षात येत नाही. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये दिलेला निकाल उत्सवांतील मोठ्या ध्वनिक्षेपकांना धरून आहे. ठाण्याजवळचे येऊरचे जंगल आणि २०१५ मध्ये जाहीर झालेले ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य येथे मात्र पाठीवरचा लहान स्पीकरही खटकतो. भोवती दुसरा आवाजच नसतो.

कारागिरी : ॲम्प्लिफायरच्या पट्ट्या, स्पीकर व रक्षक सर्किट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून येतात. पिशवी बॅग दुरुस्त करणारा शिवतो, आणि संच टिकेल की नाही हे बहुधा त्याच्याच हातात असते. पट्टा जेथे पिशवीला जोडतो तेथे चौकोनात फुली असा टाका नसेल, तर काही महिन्यांत शिवण उसवते. पुढच्या जाळीसाठी सॅकच्या पाठीला लावतात तेच जाळीदार कापड घेतात. त्यातून फुंकर आरपार गेली तर आवाजही जातो, ही शिवणाऱ्याची परीक्षा. पावसाळ्यात याच जाळीवर दुधाच्या पिशवीचे प्लास्टिक ताणून बसवतात. आवाजाची धार जाते, कागदी शंकू भिजत नाही.