टॅटू खाजतोय म्हणजे पिकलाय?

नवा टॅटू खाजू लागला की ‘पिकला बघ, हळद लाव’ हा सल्ला ठरलेलाच. पण साधारण पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातली खाज बहुधा जखम भरत असल्याचीच असते. सुईने टोचलेली वरची त्वचा सुकते, सोलवटते, म्हणून खाजते. शाई त्याखालच्या थरात असते. तरी खपली नखाने ओढलीत तर रंग फिका, ठिगळासारखा होतो. हळद, पावडर नकोच. हात धुऊन बिनवासाचं मॉइश्चरायझर पातळसं लावा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ क्षणभर टेकवा. पू, ताप, पसरत जाणारी लाली दिसली तर मात्र थेट डॉक्टर. आणि फक्त लाल रंगाचाच भाग महिन्यांनंतरही फुगून खाजत असेल, तर ती बहुधा शाईची ॲलर्जी. तीही त्वचारोगतज्ज्ञांनाच दाखवा.