आयोवा कॉकसचा विजेता आधीच ओळखणे

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक दर चार वर्षांनी नोव्हेंबरात होते, पण डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन पक्षाचा उमेदवार कोण हे त्याआधी राज्याराज्यांतले मतदारच ठरवतात, आपल्यासारखं तिकीट दिल्लीहून येत नाही. या लांबलचक फेरीत १९७२ पासून पहिला नंबर आयोवाचा (रिपब्लिकन पक्षात अजूनही, डेमोक्रॅटिक पक्षात २०२० पर्यंत), आणि तिथल्या कॉकसमध्ये, म्हणजे पक्षाच्या लोकांच्या मीटिंगमध्ये, कोण जिंकणार हे आधीच सांगणं हा एक धंदाच होऊन बसला, सर्व्हेवाले, टीव्हीवाले, सट्टेवाले, पक्षांचे कार्यकर्ते, सगळेच त्यात. एवढी माणसं आणि एवढा पैसा लावूनही हा अंदाज वारंवार फसतो. लोकांना कोण आवडतं हे फोन करून विचारता येतं, पण हाडं गोठवणाऱ्या थंडीत संध्याकाळी सात वाजता आपण घराबाहेर पडणार का हे त्या लोकांना स्वतःलाही नक्की माहीत नसतं, आणि इथेच घोडं पेंड खातं.

तसं बघायला गेलं तर आयोवाचं वजन फारच कमी. २०२० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या ३,९७९ प्रतिनिधींपैकी (तिकडे डेलिगेट म्हणतात) आयोवाचे होते फक्त ४१, म्हणजे एक टक्का. राज्याची लोकसंख्या साधारण ३२ लाख, बहुतेक गोरी, शेती मक्याची आणि सोयाबीनची. मग एवढं कौतुक कशाला? तर जिमी कार्टर. १९७६ साली जॉर्जियाचा हा माजी गव्हर्नर देशात फारसा कुणाला माहीत नव्हता, आयोवात घरोघरी फिरला, २७-२८ टक्के मिळवले आणि एका रात्रीत सगळ्या पेपरांत झळकला, पुढे राष्ट्राध्यक्षही झाला. खरं म्हणजे त्या रात्री पहिला नंबर कार्टरचा नव्हताच, ३७ टक्के लोक 'अजून कुणाच्याच बाजूने नाही' या गटात होते. पण 'कुणीच नाही'ची मुलाखत कोण घेणार, बातमी कार्टरचीच झाली. तेव्हापासून दर वेळी डझनभर इच्छुक दोन-दोन वर्षं आधीपासून आयोवाच्या ९९ काउंट्यांत (आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या) चकरा मारतात.

कॉकस म्हणजे नेमकं काय होतं

हे समजल्याशिवाय अंदाज का चुकतात ते कळत नाही. प्रायमरी म्हणजे उमेदवार निवडायचं साधं मतदान, तिथे दिवसभरात कधीही जाऊन गुपचूप मत टाकता येतं. कॉकस ही मीटिंग असते, ठरलेल्या वेळी शाळेच्या जिममध्ये नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये जमायचं, आणि असे १,६०० च्या वर प्रिसिंक्ट, म्हणजे मतदानाचे छोटे विभाग. रिपब्लिकन लोकांचं सोपं, भाषणं ऐकायची आणि चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचं. डेमोक्रॅटिक पक्षाची २०२० पर्यंतची पद्धत मात्र बघण्यासारखी होती. हॉलमध्ये प्रत्येक उमेदवाराचा एक कोपरा, लोकांनी आपापल्या कोपऱ्यात सगळ्यांदेखत जाऊन उभं राहायचं, मग डोकी मोजायची. बहुतेक ठिकाणी ज्याच्या कोपऱ्यात एकूण हजेरीच्या १५ टक्के लोक नाहीत त्याचा गट बाद. समजा हॉलमध्ये १०० जण आहेत आणि तुमच्या उमेदवारापाशी १२ जमले, तर तुम्हाला अजून तिघं ओढून आणावे लागतात, नाहीतर तुम्ही दुसऱ्याच्या कोपऱ्यात जा किंवा घरी जा. आणि हे ओढणारे कोण, तर शेजारी, मुलांच्या शाळेतली बाई, चर्चमधले ओळखीचे. कुणी कुकीज पुढे करतं, कुणी हवामान बदलावर पाच मिनिटं भाषण ठोकतं, कुणी नुसतंच "अरे ये ना इकडे".

आता सर्व्हेवाल्याने या सगळ्याचं काय करायचं? त्याला पहिली पसंती विचारावी लागते, दुसरी पसंती विचारावी लागते, आणि कुठल्या प्रिसिंक्टमध्ये कोण १५ टक्क्यांच्या खाली घसरेल याचा हिशेब तर कुणालाच लावता येत नाही. राज्यभरात १२ टक्क्यांवर असलेला उमेदवार एखाद्या कॉलेजच्या गावात ३० टक्के घेतो आणि बाकी ठिकाणी त्याचा सुपडा साफ.

येणार कोण

हजेरी हा या सगळ्यातला सगळ्यात मोठा आकडा आणि तोच आधी कळत नाही. डेमोक्रॅटिक कॉकसला २००४ मध्ये साधारण सव्वा लाख लोक आले होते, २००८ मध्ये जवळपास दुप्पट, २ लाख ४० हजारांच्या आसपास. रिपब्लिकन बाजूला २०१६ मध्ये १ लाख ८७ हजारांच्या आसपास आणि २०२४ मध्ये तापमान उणे १८ अंश सेल्सिअसच्याही खाली गेलेलं असताना १ लाख १० हजारांच्या आसपास. फोनवर विचारलं की "नक्की येणार" म्हणणारे पुष्कळ असतात, त्यातले खरे कोण हे गाळून काढणं हीच सर्व्हेवाल्याची कसोटी. बरेच जण सोपा रस्ता धरतात, मागच्या वेळी जे आले होते त्यांनाच विचारायचं. पण मग एखाद्याची लाट आली आणि नवीन माणसं झुंडीने आली की हा सर्व्हे तोंडघशी पडतो.

ॲन सेल्झर यांचं नाव झालं ते इथेच. डे मॉइन रजिस्टर या तिथल्या पेपरसाठी त्या आयोवा पोल घ्यायच्या, आणि कॉकसच्या आधीच्या शनिवार-रविवारी येणारा त्यांचा शेवटचा आकडा म्हणजे राजकारण्यांसाठी बोर्डाचा निकालच. त्यांची पद्धत अशी की येणाऱ्यांचं चित्र आपल्या डोक्यात आधी बनवायचं नाही, जो म्हणतो मी येणार त्याला येणारा धरायचं आणि जो आकडा निघेल तो छापायचा. २००७ च्या ३१ डिसेंबरला त्यांनी छापलं की ओबामा ३२, हिलरी क्लिंटन २५, एडवर्ड्स २४, आणि येणाऱ्यांपैकी ६० टक्के लोक पहिल्यांदाच कॉकसला येतील. क्लिंटन आणि एडवर्ड्स या दोघांच्या गोटातून लगेच ओरड झाली की असं कधी होतं का, साठ टक्के नवखे? ३ जानेवारीला निकाल लागला, ओबामा जवळपास ३८, एडवर्ड्स आणि क्लिंटन दोघंही ३० च्या अलीकडे एकमेकांना चिकटून, आणि पहिल्यांदाच आलेले निघाले ५७ टक्के.

त्याआधी २००४ मध्येही हेच. डेमोक्रॅटिक बाजूला वर्षभर हवा हॉवर्ड डीनची होती, पैसा त्याच्याकडे, इंटरनेटवरची पोरं त्याच्याकडे, बाहेरच्या राज्यांतून केशरी टोप्या घातलेले हजारो कार्यकर्ते आयोवात उतरलेले. सेल्झर यांच्या शेवटच्या पोलने केरी २६, एडवर्ड्स २३, डीन २० असा क्रम दिला आणि तो क्रम तंतोतंत बरोबर आला, फक्त फरक प्रचंड वाढला, केरी ३८ आणि डीन १८. माझ्या मते आयोवाबद्दल एकच प्रकरण वाचायचं असेल तर हे वाचावं, कारण उत्साह दिसणं आणि हॉलमध्ये डोकी जमणं यातला फरक याच्याइतका स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही.

चुकलेलेही आहेतच. २०१६ च्या शेवटच्या पोलमध्ये ट्रम्प २८, टेड क्रूझ २३, मार्को रुबिओ १५ असं होतं, प्रत्यक्षात क्रूझ पावणेअठ्ठावीस घेऊन पहिला, ट्रम्प दुसरा आणि रुबिओ २३ टक्के घेऊन ट्रम्पच्या पाठीला लागलेला. कारणं दोन सांगतात. एक म्हणजे कट्टर ख्रिश्चन, ज्यांना इव्हँजेलिकल म्हणतात, ते सर्व्हेत निम्म्याच्या आसपास धरले गेले आणि हॉलमध्ये ६० टक्क्यांच्याही वर निघाले, आणि चर्चचं नेटवर्क क्रूझने पक्कं बांधलेलं होतं. दुसरं म्हणजे शेवटच्या दोन-तीन दिवसांत मन ठरवणारे. आयोवात ऐनवेळी ठरवणाऱ्यांची कमी नसते, आणि शनिवारी छापलेला आकडा गुरुवारी केलेल्या फोनवरचा असतो.

२०१२ मध्ये रिपब्लिकन बाजूला हीच गोष्ट सर्व्हेच्या आतच दिसली होती. चार दिवसांच्या सरासरीत रिक सँटोरम १५ टक्क्यांवर तिसरा, पण फक्त शेवटचे दोन दिवस बघितले तर २१. ज्यांनी तळटीप वाचली त्यांना कळलं की वारं फिरलंय.

जिंकलं कोण हेच ठरत नाही

सँटोरमची खरी गंमत निकालानंतरची. ३ जानेवारीच्या रात्री मिट रॉम्नी ८ मतांनी जिंकल्याचं जाहीर झालं, पेपर छापले गेले, रॉम्नी 'आघाडीवर' म्हणून पुढच्या राज्यात गेला. दोनेक आठवड्यांनी कागद तपासून झाले तेव्हा सँटोरम ३४ मतांनी पुढे निघाला, २९,८३९ विरुद्ध २९,८०५, त्यातही आठ प्रिसिंक्टचे कागद सापडलेच नाहीत. तोवर पुढच्या राज्यातलं, न्यू हॅम्पशायरचं मतदान होऊन गेलेलं, त्यामुळे सँटोरमचा विजय म्हणजे वरातीमागून घोडं. ज्याने रॉम्नी सांगितला होता तो बरोबर की ज्याने सँटोरम?

२०२० मध्ये तर कहरच झाला. आधी तो प्रसिद्ध पोलच रद्द झाला, कारण पीट बुटिजेजच्या एका समर्थकाला फोन आला तेव्हा यादीत बुटिजेजचं नावच वाचलं गेलं नाही अशी तक्रार आली. नंतर बातम्यांत आलं की कॉल सेंटरवरच्या कुणीतरी स्क्रीनवरची अक्षरं मोठी केली होती आणि यादीतलं खालचं नाव कापलं गेलं. टीव्हीवर त्यावर तासभराचा कार्यक्रम ठरलेला, तोही गेला. दोन दिवसांनी, ३ फेब्रुवारीला कॉकस झाला आणि निकाल कळवायचं नवीन ॲप चाललंच नाही, फोनलाइन जाम, प्रिसिंक्टचे प्रमुख हातात कागद घेऊन तासन्‌तास होल्डवर. शेवटी निकाल आला तो तीन वेगवेगळ्या हिशेबांत, कोपऱ्यातली पहिली मोजणी, दुसरी मोजणी आणि त्यावरून निघालेले डेलिगेट. दोन्ही मोजण्यांत बर्नी सँडर्स पुढे, पहिलीत तर सुमारे ६,००० मतांनी, पण डेलिगेटच्या हिशेबात बुटिजेज २६.२ आणि सँडर्स २६.१. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने विजेता जाहीरच केला नाही. आणि या दोघांपैकी कुणालाही उमेदवारी मिळाली नाही, ती मिळाली आयोवात चौथ्या नंबरवर आलेल्या बायडन यांना.

त्यात आणखी एक भानगड म्हणजे 'अपेक्षेपेक्षा किती'. १९८४ मध्ये डेमोक्रॅटिक बाजूला वॉल्टर माँडेलने ४९ टक्के घेऊन आयोवा मारलं, पण चर्चा झाली १६ टक्क्यांवर दुसरा आलेल्या गॅरी हार्टची, कारण त्याच्याकडून एवढीही अपेक्षा नव्हती, आणि आठवड्याभरात न्यू हॅम्पशायर हार्टने जिंकलं. म्हणून अनुभवी प्रचारप्रमुख आपल्याच माणसाचा आकडा मुद्दाम कमी सांगत फिरतात.

इतर साधनं

सर्व्हेशिवायही लोकांनी बरंच काही करून बघितलंय. आयोवा विद्यापीठाने १९८८ मध्ये इलेक्ट्रॉनिक मार्केट काढलं, त्यात ५०० डॉलरपर्यंत लावून उमेदवाराचे 'शेअर' घेता येतात, अभ्यासासाठी म्हणून, पण सट्टाच तो. राज्याच्या जत्रेत एक टीव्ही चॅनेल बरण्या मांडतं, प्रत्येकावर उमेदवाराचं नाव, येणाऱ्याने मक्याचा एक दाणा आवडत्या बरणीत टाकायचा. यावर कुणी भरवसा ठेवत नाही, पण फोटो सगळे काढतात. एम्स गावातला स्ट्रॉ पोल, म्हणजे रिपब्लिकन पक्षाचं लुटुपुटुचं मतदान, मात्र बरीच वर्षं गांभीर्याने घेतला जायचा, उमेदवार बसगाड्या भरून समर्थक आणायचे, त्यांची तिकिटं स्वतः काढायचे आणि जेवणही घालायचे. ऑगस्ट २०११ मध्ये तो मिशेल बाकमनने जिंकला आणि पाच महिन्यांनी प्रत्यक्ष कॉकसमध्ये ती ५ टक्के घेऊन सहावी आली, दुसऱ्या दिवशी मैदानाबाहेर. २०१५ मध्ये पक्षाने तो तमाशाच बंद केला.

न्यू हॅम्पशायर सोपं का वाटतं आणि का नसतं

आयोवानंतर न्यू हॅम्पशायर, तिथे प्रायमरी, साधं मतदान. देशात पहिली प्रायमरी आमचीच असेल असा त्या राज्याचा कायदाच आहे. कोपरे नाहीत, १५ टक्क्यांचा खेळ नाही, त्यामुळे सर्व्हे नीट यायला हवा. पण २००८ मध्ये आयोवा जिंकून आलेले ओबामा सगळ्या सर्व्हेंच्या सरासरीत आठेक टक्क्यांनी पुढे होते आणि ८ जानेवारीला क्लिंटन ३९ विरुद्ध ३६ अशा जिंकल्या. सर्व्हेवाल्यांच्या संघटनेने चौकशी समिती बसवली, एक असं कारण सापडलं नाही, ऐनवेळी मन बदललेले, फोनवर न सापडणारे, असं थोडं थोडं सगळंच. मुळात त्या वर्षी आयोवा आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाच दिवसांचंच अंतर, तेवढ्यात सर्व्हे करणार कधी आणि छापणार कधी.

डिक्सव्हिल नॉच नावाची चिमुकली वस्तीही इथलीच, १९६० पासून मध्यरात्रीच मतदान करते आणि लगेच निकाल सांगते. २०२४ च्या रिपब्लिकन प्रायमरीत तिथली सहाच्या सहा मतं निकी हेलीला पडली, राज्यात मात्र ट्रम्प ५४ विरुद्ध ४३ असे जिंकले.

आयोवावरून पुढचं सांगता येतं का

रिपब्लिकन पक्षात तरी फारसं नाही. १९८० मध्ये आयोवा थोरल्या बुशने जिंकलं, उमेदवार झाले रेगन. १९८८ मध्ये बॉब डोल जिंकले आणि तेव्हा तिसरे आलेले बुश राष्ट्राध्यक्ष झाले. २००८ हकाबी, २०१२ सँटोरम, २०१६ क्रूझ, तिघांनाही उमेदवारी नाही. डेमोक्रॅटिक बाजूला जुळणी बरी, गोर, केरी, ओबामा आणि २०१६ मध्ये अगदी निसटत्या फरकाने जिंकलेल्या क्लिंटन, चौघेही उमेदवार झाले. पण २०२० च्या गोंधळानंतर त्या पक्षाने आयोवाचा पहिला नंबर काढून घेतला आणि २०२४ साठी साउथ कॅरोलायना पुढे आणलं.

त्यामुळे १५ जानेवारी २०२४ ला चुरस फक्त रिपब्लिकन बाजूला, तीही दुसऱ्या नंबरसाठी. सेल्झर यांनी ट्रम्प ४८, हेली २० आणि डिसँटिस १६ सांगितलं होतं. मीटिंगा सुरू होऊन अर्धा तास होतो न होतो तोच माध्यमांनी ट्रम्प जिंकल्याचं जाहीर करून टाकलं, कित्येक हॉलमध्ये अजून चिठ्ठ्याही वाटल्या नव्हत्या, डिसँटिसची माणसं भडकली. शेवटी ट्रम्प ५१, डिसँटिस २१, हेली १९. डिसँटिसनी ९९ च्या ९९ काउंट्या पालथ्या घातल्या होत्या, दुसरा नंबर मिळाला, आणि सहा दिवसांनी, न्यू हॅम्पशायरच्या मतदानाआधीच, त्यांनी माघार घेतली.