जुडीतला पालक आणि जगाच्या बाजारातला पालक

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या भाजी बाजारात जुडीने विकला जाणारा पालक आणि जगाच्या व्यापारात ‘स्पिनच’ या नावाने टनांवारी फिरणारा पालक ही दोन वेगळी झाडे आहेत. आपला देशी पालक बीटाचा सख्खा भाऊबंद, शास्त्रीय नावाने बीटा व्हल्गॅरिसचा बेंगालेन्सिस हा प्रकार. जगाचा पालक म्हणजे स्पिनेशिया ओलेरेशिया, आपल्याकडे ज्याला विलायती पालक म्हणतात तो. पोकळा आणि चाकवतही याच कुळातले. पण कूळ एक असले तरी बी, कापणी, फुलाचा दांडा निघण्याची वेळ आणि रोग या सगळ्यांत दोघांचे वागणे निराळे. एकाची शिफारस दुसऱ्याला लावली की वाफा फसतो, आणि नेमका कशाने फसला हे शेवटपर्यंत उमगत नाही.

ओळख बियाण्यापासून पटते. देशी पालकाचे ‘बी’ खरे तर बी नसून बीटासारखा खडबडीत गोळा असतो. त्यात दोन-तीन खऱ्या बिया असतात, म्हणून एका जागी दोन-तीन रोपे उगवतात आणि विरळणी करावी लागते. विलायती पालकाचे बी सुटे असते, काही वाणांत गोल व गुळगुळीत, काहींत काटेरी. त्याची नर आणि मादी झाडे वेगळी असतात. देशी पालकाच्या एकाच फुलात दोन्ही अंगे असतात. दोघांचेही परागकण वाऱ्यावर लांब जातात. देशी पालकाचा बीटरूटशी सहज संकर होतो, त्यामुळे घरचे बी धरायचे असेल तर फुलावर आलेले बीट किमान एक किलोमीटर दूर हवे. हे अंतर पाळले नाही तर पुढच्या हंगामात लाल शिरांची, जाड देठांची पाने निघतात आणि जुडी बाजारात मागे पडते.

नावाचा गुंता जुना आहे. संस्कृतात ‘पालंक्या’ हा शब्द आहे. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात शाकवर्गात ती नोंदलेली आहे आणि आपला ‘पालक’ त्याच शब्दाचा वंशज. स्पिनेशियाचे घर मात्र इराण. फारसी ‘अस्पनाख’चा अरबीत ‘इस्फनाख’ झाला आणि तोच युरोपीय भाषांत शिरला. इ.स. ६४७ मध्ये नेपाळच्या राजाने चीनच्या तांग दरबाराला ही भाजी भेट पाठवल्याची नोंद चिनी बखरींत आहे. तिथे तिला ‘इराणी भाजी’ही म्हणत आणि ‘बोलंग’ही. या ‘बोलंग’चा धागा अभ्यासक संस्कृत पालंक्याशी जोडतात. त्यातूनच आजचे चिनी नाव ‘बोत्साय’ आले. म्हणजे झाड इराणचे, नाव बहुधा आपले, आणि आज जगातल्या उत्पादनाचा नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा चीनचा. त्यातला बहुतेक माल तिथल्याच ताटात जातो.

पश्चिमेकडे हे पीक अरबांनी नेले. बाराव्या शतकातला सेव्हिलचा शेतीतज्ज्ञ इब्न अल-अव्वाम याने त्याला पालेभाज्यांचा सरदार म्हटले. चौदाव्या शतकापर्यंत ते उत्तर युरोपच्या मठांतल्या बागांत पोचले होते. लोहाच्या बाबतीत मात्र फार ऐकीव गोष्टी चालतात. दशांशचिन्ह चुकल्याने पालकात दहापट लोह मोजले गेले, ही कथा सगळीकडे सांगितली जाते, पण तिला मूळ पुरावा सापडलेला नाही. शंभर ग्रॅम ताज्या पानांत लोह सुमारे तीन मिलिग्रॅम असते आणि त्यातला थोडाच भाग शरीर घेते.

व्यापाराला मोठे वळण गोठवणीने दिले. ६ मार्च १९३० रोजी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावी क्लॅरेन्स बर्ड्झाय यांच्या पद्धतीने गोठवलेले अन्न प्रथम किरकोळ दुकानांत विकायला ठेवले, त्यात पालक होता. दोन दिवसांत कोमेजणारी भाजी वर्षभर टिकू लागली. दुसरे वळण कोवळ्या पानांच्या पाकिटांचे. कॅलिफोर्नियाच्या सॅलिनास खोऱ्यात उन्हाळ्यात आणि ॲरिझोनाच्या युमा भागात हिवाळ्यात हा पालक रुंद गादीवाफ्यावर एकरी ३५ ते ४० लाख बिया इतका दाट पेरतात आणि तीन-चार आठवड्यांत यंत्राच्या पात्याने कापतात. इतक्या दाटीत पाने रात्रभर ओली राहतात, आणि तेच केवडा रोगाला हवे असते. केवड्याच्या बुरशीसारख्या रोगजंतूच्या जातींना आंतरराष्ट्रीय गट क्रमांक देतो. २०२१ पर्यंत ते १९ वर पोचले. नवा रोगप्रतिकारक वाण आला की काही वर्षांत त्याला भेदणारी नवी जात उभी राहते. केवड्याच्या क्रमांकांची ही यादी विलायती पालकापुरती आहे. देशी पालक घेणाऱ्याने बियाण्याच्या जाहिरातीत ती वाचून जास्त पैसे मोजू नयेत. आपल्या वाफ्यातला खरा शत्रू सर्कोस्पोराचे ठिपके. मध्ये राखाडी आणि कडेला तांबूस-जांभळी वर्तुळाकार टिकली दिसली की ओळखावे. ती पावसाळ्यात आणि तुषार सिंचनाखाली झपाट्याने पसरते.

बियाण्याचा जागतिक धंदा वेगळ्याच ठिकाणी चालतो. विलायती पालकाच्या बियांचा मोठा वाटा डेन्मार्कमध्ये पिकतो, थोडा अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात. कारण दिवसाची लांबी. हे झाड दिवस लांबला की फुलावर जाते, आणि डेन्मार्कच्या जूनमध्ये दिवस सतरा तासांहून मोठा असतो, हवा थंड असते. खान्देश साधारण २१ अंश अक्षांशावर. आपला सर्वांत मोठा दिवस साडेतेरा तासांच्या आत आणि तोही उकाड्यात. त्यामुळे विलायती पालकाचे बी इथे धरण्याच्या फंदात पडू नये. पेरणीलाही मर्यादा आहे. हे बी १० ते २० अंश तापमानात चांगले उगवते, ३० अंशांच्या वर उगवण कोसळते. म्हणजे आपल्याकडे नोव्हेंबर ते जानेवारीची पेरणी, बस्स.

देशी पालकाने खान्देशात बस्तान बसवले ते याच मुद्द्यावर. तो उष्णता सोसतो आणि क्षारही सोसतो. चांगदेवजवळ पूर्णा तापीला मिळते, त्या पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपट जमिनी इतर भाज्यांना नकोशा असतात, तिथेही तो तग धरतो. ‘ऑल ग्रीन’ हा जुना, विश्वासाचा वाण. त्याच्यावरच गुणसूत्रे वाढवण्याची प्रक्रिया करून ‘पुसा ज्योती’ काढला गेला. ‘पुसा हरित’ हा शर्कराबीट आणि स्थानिक पालकाच्या संकरातून आला.

एकरी १० ते १२ किलो बी लागते. रात्रभर भिजवून, सावलीत सुकवून, २० ते २५ सेंटिमीटरच्या ओळींत दोन-तीन सेंटिमीटर खोल पेरावे. काळ्या जमिनीत नेमके दोन ठिकाणी चुकते. पेरल्यावर जोराचे पाणी दिले की वर पापुद्रा धरतो आणि कोंब खालीच गुदमरतो, म्हणून आधी वाफा ओलवून वाफशावर पेरणे बरे. आणि पाणी साचले की आठवड्यात पाने पिवळी पडतात. हे पिवळेपण नत्राच्या कमतरतेसारखे दिसते, लोक युरिया टाकतात, आणि कुजलेली मुळे ते उचलूच शकत नाहीत.

पहिली कापणी ३० ते ३५ दिवसांनी, नंतर दर १५ ते २० दिवसांनी. जमिनीपासून तीन-चार बोटे सोडून कापावे, गाभा शाबूत राहिला पाहिजे. असे चार ते सहा तोडे मिळतात. विलायती पालक मात्र सहसा एकदाच कापतात किंवा मुळासकट उपटतात. थंडी खाल्लेल्या देशी पालकाला फेब्रुवारीअखेर दिवस मोठा होऊ लागला की दांडे निघतात; दांडा निघाल्यावर खत वाढवून उपयोग नाही, पान अरुंद आणि कडवट होत जाते.

केळीच्या नव्या बागेत पालकाचे आंतरपीक घेण्याचा मोह रावेर-यावलकडे साहजिक आहे, ठिबक तयारच असते. तो टाळावा. काकडी मोझॅक विषाणू, ज्याला केळी उत्पादक सीएमव्ही म्हणतात, तो शेकडो वनस्पतींवर जगतो. बीटकूळही त्यात येते. मावा त्याला पालकावरून कोवळ्या टिश्यूकल्चर रोपांवर नेतो. भाजीचे चार पैसे मिळतात आणि केळीची झाडे उपटावी लागतात.

प्रतवारीत मात्र खान्देश आणि जग यांच्यात मोठी दरी आहे. अमेरिकेत सुट्या पानांसाठी ‘एक्स्ट्रा नंबर १’, ‘नंबर १’ आणि ‘कमर्शियल’ असे दर्जे आहेत, जुड्यांसाठी ‘नंबर १’ आणि ‘नंबर २’. फुलाचा दांडा, मूळ, माती, पिवळे किंवा कुजके पान यांवर दर्जा ठरतो. आपल्याकडे लिखित दर्जा नाही, नजर आहे. लिलावात शेकडा जुड्यांचा भाव पुकारला जातो. व्यापारी एक जुडी उचलतो, देठाकडून दाबतो, मधली दोन पाने उलटून पाहतो. जुडी फुगवण्यासाठी आत पिवळी पाने भरलेली असली की पूर्ण ढिगाचा भाव पडतो. याचे मूळ इतिहासात आहे. इथला नियंत्रित बाजार उभा राहिला तो कापसासाठी. १९२७ च्या मुंबई कापूस बाजार कायद्याखाली धुळ्यात सुरुवातीलाच असा बाजार आला. पुढे १९६३ च्या राज्य कायद्याने बाजार समित्या बसल्या, पण पालेभाजीचे वजन आणि प्रत यांकडे कोणी गांभीर्याने पाहिले नाही. जुलै २०१६ मध्ये फळे व भाजीपाला नियमनातून मुक्त झाला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले. तेही जुडी म्हणजे किती ग्रॅम, हा साधा प्रश्न न सोडवता. हा प्रश्न सुटायला हवा, कारण पावसाळ्यात जुडी लहान होते आणि भाव मात्र ‘जुडीचा’च छापला जातो.

बाहेर माल नाकारला जातो तो दिसण्यापेक्षा अवशेषांवरून. २००२ मध्ये जपानमध्ये चीनच्या गोठवलेल्या पालकात क्लोरपायरिफॉस सापडले. तिथली मर्यादा ०.०१ पीपीएम (दहा लाख भागांत ०.०१ भाग) होती आणि आयात थांबली. हे औषध कापूस पिकवणाऱ्या प्रत्येक गावाला ठाऊक आहे. कापसावर वापरलेला पंप न धुता भाजीवर वापरला तरी ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. २००६ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत पाकिटातल्या पालकातून ई. कोलाय जिवाणू पसरून सुमारे २०० जण आजारी पडले, मृत्यूही झाले. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात पाणी, खत आणि जनावरांच्या वावराबाबत कडक करार झाला. शहराच्या नाल्याचे पाणी पालकाला देणाऱ्यांनी ही घटना लक्षात ठेवावी.

युरोपात तिसरी कसोटी आहे, नायट्रेटची. ताज्या पालकात किलोला ३५०० मिलिग्रॅम आणि गोठवलेल्यात २००० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा. नायट्रेट वाढते ते जादा नत्राने आणि कमी उजेडाने. कापणीच्या आठ-दहा दिवस आधी युरिया थांबवला आणि सकाळऐवजी दुपार उतरल्यावर कापले तर ते कमी भरते, कारण दिवसभराच्या उन्हात पान त्याचा वापर करते. पण दुपारचे पान तापलेले असते. ते तसेच पोत्यात कोंबले तर रात्रीत आतून काळे पडते. म्हणून सावलीत पसरून, स्वच्छ पाणी शिंपडून, जुडी केळीच्या सोपटाने सैल बांधून क्रेटमध्ये उभी लावावी. थंड खोली असेल तर शून्य अंश आणि ९५ टक्क्यांवर आर्द्रता, अशात दहा ते चौदा दिवस निघतात. खोली निवडताना एक पाहावे: केळी पिकवण्याच्या चेंबरशेजारी पालक कधीही ठेवू नये. पिकत्या केळीतून निघणारा इथिलीन वायू पानांना दोन-तीन दिवसांत पिवळे करतो, आणि रात्रभर केळी वाहिलेल्या गाडीत सकाळी भरलेल्या जुड्यांनाही हा वायू लागतो.

निर्यातीचा विचार करताना जकातीच्या यादीतले ०७०९.७० हे शीर्षक वाचावे. त्यात स्पिनच, न्यूझीलंड स्पिनच आणि ओराच स्पिनच ही तीन नावे आहेत. बीटाच्या कुळातल्या देशी पालकाचे नाव त्यात नाही. म्हणून खरेदीदाराशी करार करताना ‘पालक’ एवढेच न लिहिता झाडाचे शास्त्रीय नाव लिहून घ्यावे, आणि बियाण्याच्या पाकिटावरही तेच नाव छापलेले आहे का, हे पेरण्याआधी पाहावे.