थंड समुद्रात माणूस 'पाच मिनिटांत गोठतो' का?

स्कॉटलंडच्या पावसाळी पश्चिम किनाऱ्यावर, ओबानपासून स्कायपर्यंत, छोटी शिडाची होडी चालवणाऱ्यांना एक गोष्ट हमखास ऐकवली जाते: 'इथल्या पाण्यात पडलात तर पाच मिनिटांत गोठून मराल.' हे खरं नाही. शिवाय त्यामुळे खऱ्या धोक्याकडे दुर्लक्ष होतं.

पाणी गार असतंच, ऐन ऑगस्टमध्येही साधारण १३-१४ अंश. पण शरीर घातक पातळीपर्यंत थंड व्हायला वेळ लागतो. अगदी बर्फाळ पाण्यातही साधारण तासभर. घात होतो तो पहिल्या मिनिटात. गार पाणी लागताच आपोआप मोठा श्वास ओढला जातो, मग धाप लागते. त्या क्षणी तोंड लाटेखाली असेल, तर पाणी थेट फुप्फुसात जातं. पट्टीचे पोहणारेही यात बुडतात. त्यातून निभावलात तरी थोड्या वेळाने बोटं लुळी पडतात, समोर आलेली दोरीही मुठीत धरता येत नाही.

म्हणून पडल्या पडल्या हातपाय मारू नका. ब्रिटनची जीवरक्षक संस्था आरएनएलआय सांगते तसं डोकं मागे टाका, कान पाण्यात जाऊ द्या आणि श्वास ताळ्यावर येईपर्यंत तरंगत राहा.

गमबुटात पाणी भरलं की माणूस तळाला जातो, हाही गैरसमजच. ते वजन जाणवतं होडीवर चढताना. लाइफजॅकेटचा मांड्यांमधला पट्टा मात्र निघण्यापूर्वीच आवळा; तो सैल असला तर जॅकेट वर सरकतं आणि तोंड पाण्यातच राहतं.