शटर नव्हे, फ्लॅश टिपतो

जुलैत ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात सकाळचे अकरा वाजले तरी दाट झाडीखाली तिन्हीसांजेसारखा उजेड असतो. ओढ्याकाठी पानावर टाचणी बसली होती. चतुराच्या गोतातलीच, पण काडीसारखी सडपातळ. मॅक्रो लेन्स जवळ नेली, अ‍ॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं लेन्सचं छिद्र, एफ/११ इतकं बारीक ठेवलं. एवढं करूनही कीटक सेन्सरवर मूळ आकारात उतरवायचा तर जेमतेम एक-दीड मिलिमीटरचाच पट्टा रेखीव येतो. त्यात वाऱ्याने पान हलतंय.

अशा वेळी मी बाहेरचा फ्लॅश लावतो. बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅशसोबत शटर साधारण १/२०० सेकंदावर ठेवावं लागतं. डुलत्या टाचणीला ते पुरत नाही. तिला थांबवतो तो फ्लॅशचा क्षण. कपॅसिटरमध्ये साठलेली वीज झेनॉनच्या नळीतून धावते. ताकद कमी ठेवली की इलेक्ट्रॉनिक स्विच ती मध्येच तोडतो. म्हणजे झोत मंद होत नाही, तोकडा होतो! पूर्ण ताकदीला सुमारे १/१००० सेकंद टिकणारा झोत १/१६ ताकदीला १/१०,००० सेकंदाच्या आसपास येतो. मिशीवरचा दवबिंदूसुद्धा मग जागच्या जागी थिजतो.

एवढ्या कमी ताकदीत भागवायचं तर फ्लॅश जवळ हवा. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो. टाचणी फ्लॅशपासून २० सेंटिमीटरवर आणि मागची झाडी २ मीटरवर असेल, तर झाडीला मिळतो शंभरावा हिस्सा. म्हणून भरदिवसाच्या फोटोत मागे काळीकुट्ट रात्र दिसते. मला ते खटकतं. पावसाळ्यातलं येऊर हिरवंच दिसायला हवं. मग मी आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाबद्दलची संवेदनशीलता, वाढवतो, शटर १/६० वर आणतो आणि फ्लॅश आणखी कमी करतो. टाचणीवर फ्लॅशचा उजेड, मागे जंगलाचा. कडांना किंचित हललेली छटा येते, ती चालते.

बेडकाची गोष्ट वेगळी. ओल्या कातडीवर फ्लॅशचा चौकोन आरशात दिसावा तसा पांढराफटक उमटतो. फ्लॅशपुढे ट्रेसिंग पेपरचा तळहाताहून मोठा पडदा धरला की तो डाग पसरून मऊ होतो आणि खालचा खरा रंग दिसू लागतो.

अंधार पडताना वाटेवर बसलेल्या रातव्यावर मात्र मी फ्लॅश उडवत नाही. त्याच्या डोळ्यांत दृष्टिपटलामागे उजेड परतवणारा थर असतो. अंधुक प्रकाशाचा कणन्‌कण वापरण्यासाठी घडलेले ते डोळे. आपल्याला अंधाराला पुरतं सरावायला अर्धा तास लागतो, आणि त्याला तर लगेच उडून किडे पकडायचे असतात.