25 टक्के चढला, 25 टक्के उतरला, मग भाव तोच?
सांगलीत हळदीच्या भावाचा विषय निघाला की हे हमखास ऐकायला मिळतं, 25 टक्के वाढला आन 25 टक्के उतरला म्हणजे हिशोब जिथल्या तिथं. नाही ओ, चुकीचंय हे! समजा क्विंटलला 12000 होता, 25 टक्के म्हणजे पाव, 3000 वाढले, झाले 15000. आता उतरताना पाव काढायचा तो 15000 चा, म्हणजे 3750, राहिले 11250, साडेसातशे गेले की शेतकऱ्याचे! परत 12000 वर यायला 3000 च उतरायला पाहिजेत आणि ते 15000 चा पाचवा भाग, म्हणजे 20 टक्के. पोरांना 25 म्हणजे 1/4, 20 म्हणजे 1/5 पाठ असतंय, पण पाव कशाचा हे कुणी विचारतच नाही, खरी गोम तिथंय. 50 टक्के वाढलं तर परत यायला 1/3 च उतरावं लागतं, म्हणजे 33 टक्क्यांच्या किंचित वर.